विरजणाचे आडनाव

वाचकहो, आज रात्री आपल्या घरी दूध कोमट झाले की त्यात चमचाभर विरजण पडेल आणि भांड्यावर झाकण बसेल. घर महाराष्ट्रातले असो, बंगालमधले असो वा तामिळनाडूतले, रीत तीच. सकाळी झाकण उघडावे तो घट्ट दही तयार! रात्रभर हे काम कोण करून गेले? आपल्या आजीला त्याचे नाव ठाऊक नव्हते आणि नावावाचून तिचे काही अडलेही नाही. विरजण चांगले की वाईट एवढे तिला वासावरून कळत असे, आणि तेवढ्यावर तिने आयुष्यभर उत्तम दही लावले.

शास्त्रज्ञाला मात्र नावावाचून चैन पडत नाही. दह्यात सामान्यतः आढळणाऱ्या एका सूक्ष्म जीवाला १८७३ साली जोसेफ लिस्टर ह्या विख्यात इंग्रज शल्यवैद्याने ‘बॅक्टेरियम लॅक्टिस’ असे नाव दिले. १९०९ साली तोच जीव ‘स्ट्रेप्टोकॉकस लॅक्टिस’ झाला आणि १९८५ साली ‘लॅक्टोकॉकस लॅक्टिस’. जीवशास्त्रातील लॅटिन नावात आडनाव आधी येते आणि व्यक्तिनाव मागून. ‘लॅक्टिस’ म्हणजे दुधाचा. हे व्यक्तिनाव कायम राहिले. आडनाव मात्र दोनदा बदलले. पहिल्या आडनावाचा अर्थ छोटी काठी, दुसऱ्याचा साखळीतला दाणा, तिसऱ्याचा दुधातला दाणा.

बारशाचा हा घोळ पाहून आपणांस हसू येईल. परंतु ह्या बदलांच्या मागे मोठा इतिहास दडलेला आहे. जीवसृष्टीतील सर्वांत जुन्या रहिवाशांची कुळी कशी ओळखावी, ह्या प्रश्नाने शास्त्रज्ञांना दोनशे वर्षे झुलवले. त्याचे उत्तर हाती आले तेव्हा सजीवांचा एक अख्खा विभागच आजवर आपल्या नजरेतून निसटला होता, असे आढळून आले.

केंद्रक नसलेले घर

आपले शरीर पेशींचे बनलेले आहे. पेशी म्हणजे एक छोटेसे घर अशी कल्पना करा. आपल्या पेशीत एक स्वतंत्र खोली असते. तिला केंद्रक म्हणतात. घराचे दस्तऐवज जसे कपाटात कुलूपबंद असावेत, तसा आनुवंशिक मजकूर, म्हणजे डीएनए, त्या खोलीत जपून ठेवलेला असतो. आंब्याच्या झाडाची पेशी घ्या, बेडकाची घ्या, भूछत्राची घ्या. ही खोली सर्वत्र आहे.

विरजणातल्या जीवाच्या घरात अशी खोलीच नाही. एकच दालन, आणि दस्तऐवज त्यातच मोकळे ठेवलेले. अशा जीवांस आदिकेंद्रकी म्हणतात, आणि ज्यांना स्पष्ट केंद्रक आहे त्यांस दृश्यकेंद्रकी. हा भेद दर्शविणारे शब्द फ्रेंच शास्त्रज्ञ एदुआर शातों ह्याने १९२५ साली योजिले. आदिकेंद्रकी जीव सहसा मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शाएवढे असतात. त्यांना हात नाहीत, पाय नाहीत, पाने नाहीत, फुले नाहीत. वर्गीकरण करणाऱ्याची खरी अडचण तीच. गाय आणि म्हैस वेगळी ओळखावयास शिंगे आहेत, खूर आहेत, रंग आहे. पण नुसत्या ठिपक्याची जात कशी ओळखावी?

रूपावरून केलेली वाटणी

हॉलंडमधील डेल्फ्ट गावचा कापडाचा व्यापारी अँटनी व्हान लेव्हेनहूक ह्याने स्वतः घासलेल्या भिंगातून हे ठिपके प्रथम पाहिले. पाण्यात वळवळणाऱ्या ह्या ‘छोट्या प्राण्यां’चे वर्णन त्याने १६७६ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळविले. पुढे शंभर वर्षांनीही त्यांना धड जागा मिळाली नव्हती. सजीवांची नोंदवही मांडणारा स्वीडनचा थोर वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीयस ह्याने १७६७ साली ह्या सूक्ष्म मंडळींना कृमींच्या शेवटी ‘केऑस’, म्हणजे गोंधळ, ह्या नावाखाली बसविले. हिशेबाच्या वहीत कशातच न बसणारा खर्च आपण ‘किरकोळ’ म्हणून टाकतो, त्यातलाच हा प्रकार.

पहिली नेटकी मांडणी केली ती ब्रेस्लाऊ येथील फेर्डिनांट कोन ह्याने, १८७२ साली. त्याने आकारावरून चार गट पाडले: गोल, आखूड काठीसारखे, लांब काठीसारखे वा धाग्यासारखे, आणि नागमोडी. हे सर्व वनस्पतींचेच आप्त होत, असे त्याचे मत होते. त्याने योजलेले ‘बॅसिलस’ हे प्रजातीचे नाव आजही चालू आहे. १८८४ साली हान्स क्रिस्टियान ग्राम ह्या डॅनिश वैद्याने एक रंगक्रिया शोधली. जांभळा रंग द्यावा, मग आयोडीन घालावे, मग अल्कोहोलने धुवावे. काही जंतूंनी रंग धरून ठेवला, काहींनी सोडला. रंग धरणाऱ्यांची पेशीभित्तिका जाड असते, हे कारण पुढे उमगले. कोणते औषध चालेल ह्याचा पहिला अंदाज बांधावयास ही कसोटी इस्पितळात आजही वापरतात. पुढे प्रयोगशाळांनी आणखी कसोट्या आणल्या: जंतू कोणती साखर आंबवतो, हवेत वाढतो की हवेवाचून, आम्ल करतो की वायू. १९२३ साली अमेरिकेत डेव्हिड बर्जी ह्यांच्या नावाने ह्या कसोट्यांचा ग्रंथ निघाला आणि तो ह्या शास्त्राचा आधारग्रंथ ठरला.

ह्या ग्रंथामुळे जंतू ओळखणे सोपे झाले, हे निर्विवाद. परंतु ओळखणे निराळे आणि कुळी सांगणे निराळे. रेल्वेच्या डब्यातील प्रवाशांची टोपीवाले, पागोटेवाले आणि बोडके अशी वाटणी करता येईल. माणूस शोधावयास ती उपयोगीही पडेल. पण त्यावरून कोण कोणाचा भाऊ हे कसे कळावे? ह्या क्षेत्रातील दोन अधिकारी पुरुष, रॉजर स्टॅनिअर आणि कॉर्नेलिस व्हान नील, ह्यांनी १९४१ साली जंतूंची वंशावळ मांडण्याचा प्रयत्न केला होता. १९६२ साली त्यांनीच प्रामाणिकपणे कळविले की त्या मांडणीचा पाठपुरावा करण्याची आता आपली इच्छा नाही. त्यांच्या हाती उरली एकच ठोस रेषा: केंद्रक असलेले आणि नसलेले. नसलेल्यांच्या गोटात आत काय आहे, तो अंधारच राहिला.

पोथ्यांच्या चुका

हा अंधार कसा दूर झाला ते समजण्यासाठी क्षणभर पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात चला. तेथे १९१९ ते १९६६ ह्या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली. भारताच्या कानाकोपऱ्यांतून शारदा, देवनागरी, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा अनेक लिप्यांतील हस्तलिखिते पंडितांनी जमविली आणि ओळीस ओळ लावून ताडून पाहिली. हाताने नक्कल करताना लेखनिकाची चूक होतेच. त्या नकलेवरून पुढची नक्कल करणारा तीच चूक पुढे नेतो आणि स्वतःची एखादी भर घालतो. म्हणून ज्या दोन पोथ्यांत एकच विशिष्ट फरक सापडतो, त्या बहुधा एकाच जुन्या पोथीच्या लेकी. पोथीचे बांधणीचे कापड किंवा शाईचा रंग पाहून हे नाते कळत नाही. मजकूरच वाचावा लागतो.

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात कार्ल वूझ ह्या शास्त्रज्ञाने नेमके हेच करावयाचे ठरविले. प्रत्येक सजीवाच्या पेशीत रायबोसोम नावाचे कारखाने असतात. त्यांत प्रथिने तयार होतात. ह्या कारखान्याचा एक भाग म्हणजे आरएनएचा एक रेणू. आदिकेंद्रकी जीवांत तो सुमारे १,५०० अक्षरांचा असतो. विरजणापासून वडाच्या झाडापर्यंत हा मजकूर सर्वांजवळ आहे, तो फार सावकाश बदलतो आणि पिढ्यान्‌पिढ्या नकलला जातो. ताडून पाहावयास ह्याहून चांगली पोथी कोणती?

काम मात्र चिकाटीची परीक्षा पाहणारे होते. तो सगळा मजकूर सलग वाचण्याची सोय तेव्हा नव्हती. रेणूचे तुकडे करावे, किरणोत्सर्गी फॉस्फरसच्या साहाय्याने त्यांचे ठसे फिल्मवर उमटवावे, आणि दिव्याच्या पेटीवर फिल्म धरून एकेका ठिपक्याचा अर्थ लावावा, असे ते चाले. वूझ ह्यांनी ह्यात वर्षानुवर्षे घालविली. १९७६ साली त्यांचे सहकारी राल्फ वुल्फ ह्यांनी त्यांना मिथेन वायू निर्माण करणारा एक जीव दिला. सूक्ष्मदर्शकात पाहिले तर इतर जंतूंसारखाच. पण त्याचा मजकूर वाचला तेव्हा सर्व जंतूंत हमखास सापडणाऱ्या खुणाच त्यात नव्हत्या! तो जंतूंच्या गोतातला नव्हता, आणि केंद्रक असलेल्यांच्याही गोतातला नव्हता.

१९७७ साली वूझ आणि जॉर्ज फॉक्स ह्यांनी हा निष्कर्ष प्रसिद्ध केला. वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर बातमी आली. शास्त्रज्ञांच्या मंडळीत मात्र अनेकांनी मान हलविली. एका रेणूच्या भरवशावर सृष्टीची नवी वाटणी करणे त्यांना पटेना. परंतु पुरावे जुळत गेले. ह्या नव्या जीवांच्या पेशीभित्तिकेत जंतूंच्या भित्तिकेचे नेहमीचे द्रव्य नाही, असे म्यूनिकचे ओटो कांडलर ह्यांनी दाखविले. त्यांच्या पटलातील स्निग्ध पदार्थांची घडणही अगदी निराळी निघाली. शेवटी १९९० साली वूझ, कांडलर आणि मार्क व्हीलिस ह्यांनी सर्व सजीवांचे तीन महाविभाग सुचविले: जीवाणू, आर्किया आणि दृश्यकेंद्रकी. एर्न्स्ट मायर ह्यांच्यासारख्या थोर जीवशास्त्रज्ञाने १९९८ सालीही विरोध केला. केंद्रक असणे वा नसणे हाच खरा मोठा भेद, असे त्यांचे म्हणणे होते. आज तीन महाविभागांची वाटणी पाठ्यपुस्तकांत रूढ आहे.

ओळखीचे अनोळखी

वाचकहो, हे आर्किया कोठे दूरदेशी राहतात असे समजू नका. खेड्यात गोबरगॅसचा चुला पेटतो, तो ह्यांच्याच कृपेने. खादी व ग्रामोद्योग आयोगाने १९६०च्या दशकापासून ज्या संयंत्रांचा प्रसार केला, त्यांच्या टाकीत शेण कुजविण्याचे पहिले काम जीवाणू करतात आणि शेवटी मिथेन तयार करण्याचे काम आर्किया करतात. गाईच्या पोटातही हीच मंडळी आहेत.

दुसरे उदाहरण बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे. २०२० सालच्या जून महिन्यात ह्या खाऱ्या सरोवराचे पाणी एकाएकी गुलाबी झाले आणि लोकांत नाना तर्क सुरू झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासले. त्यात आढळले ते मिठाच्या पाण्यात वाढणारे, गुलाबी रंगद्रव्य बाळगणारे आर्किया. मिठागरांतील खारट पाण्यावर अधूनमधून येणारी लाली ह्यांच्याच सोयऱ्यांची असते. गंमत अशी की ह्यांतील सर्वांत प्रसिद्ध प्रजातीचे नाव ‘हॅलोबॅक्टेरियम’, म्हणजे मिठातला बॅक्टेरियम, असे आहे. तो बॅक्टेरियम नाही हे कळून चुकले, तरी नाव चिकटले ते चिकटलेच.

नावाने केलेली दिशाभूल उलट बाजूनेही दिसते. भाताच्या खाचरात साचलेल्या पाण्यावर निळसर हिरवा तवंग येतो. हवेतील नायट्रोजन धरून हा तवंग भाताला आयते खत पुरवतो, ह्याविषयीचे संशोधन पी. के. डे ह्यांनी १९३९ साली प्रसिद्ध केले. आमच्यासारख्या भाषांतरकारांनी त्या जीवांस ‘नील-हरित शैवाल’ असा शब्द रूढ केला, कारण मूळ शब्दच तसा होता. वस्तुतः त्यांना केंद्रक नाही. ते शैवाल नसून जीवाणू होत. दिसते तसे नसते, म्हणून जग फसते, ही म्हण येथे अक्षरशः लागू पडते.

रोग्याच्या खाटेपाशी

हा सारा पंडितांचा खेळ, सामान्य संसारी माणसाला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. त्याने क्षयरोग्याचा विचार करावा. बेडका तपासताना विशिष्ट रंगक्रियेने क्षयाचे जंतू लाल काड्यांसारखे दिसतात. पण त्याच प्रजातीतील दुसऱ्या काही जाती, ज्यांनी क्षय होत नाही पण फुप्फुसाचे निराळे दुखणे होऊ शकते, त्याही अशाच लाल दिसतात. रूप एक, औषधे मात्र वेगळी. नुसत्या रूपावर विसंबले तर रोग्याला कित्येक महिने चुकीची औषधे घ्यावी लागण्याचा धोका असतो. आज आपल्या देशात क्षयासाठी सीबीनॅट नावाची तपासणी होते. ती जंतूच्या आनुवंशिक मजकुरातील ठरावीक भाग शोधते. मजकूर वाचून ओळख पटविण्याची वूझ ह्यांची वाट अशी जिल्हा रुग्णालयापर्यंत आलेली आहे.

नावांचा गोंधळ आवरावा म्हणून १ जानेवारी १९८० रोजी एक धाडसी पाऊल उचलले गेले. तोपर्यंत साचलेल्या हजारो नावांतून दोन-अडीच हजार नावांची मान्य यादी करण्यात आली आणि बाकीची नावे रद्द झाली. आज नियमानुसार मान्य झालेल्या जाती वीस हजारांच्या पुढे आहेत. नवी जाती जाहीर करणाऱ्याने तिचा जिवंत नमुना दोन वेगवेगळ्या देशांतील संग्रहालयांत ठेवावा, असा नियम आहे. चंडीगड आणि पुणे येथे अशी संग्रहालये आहेत. तथापि बहुसंख्य सूक्ष्मजीव प्रयोगशाळेत वाढावयास तयारच नसतात; माती वा पाणी घेऊन त्यांतला डीएनए वाचावा, तेव्हाच त्यांचा पत्ता लागतो. अशांस केवळ त्यांच्या मजकुरावरून नाव देता यावे, म्हणून २०२२ साली एक स्वतंत्र नियमावली पुढे आली. नमुना हाती नसता नाव द्यावे की नाही, ह्यावर मतभेद आहेत.

आणखी एक अडचण आहे. हे जीव आपला मजकूर केवळ मुलाबाळांनाच देतात असे नाही, तर शेजाऱ्यालाही देतात. औषधाला न जुमानण्याची युक्ती एका जातीकडून दुसरीकडे जाते ती अशीच. म्हणून त्यांची वंशावळ सरळ वाढणाऱ्या माडासारखी नाही. पारंब्या सोडून पुन्हा जमिनीशी जोडला जाणारा वड तिला अधिक शोभतो.

आपलेच माहेर

एक प्रश्न उरला. ह्या वडावर आपण कोठे आहोत? २०१५ साली ग्रीनलंड आणि नॉर्वे ह्यांच्या दरम्यानच्या समुद्रतळावरील गाळातून आर्कियांचा एक गट उजेडात आला. केंद्रक असलेल्या पेशींतच असतात असे वाटणारे कित्येक गुणधर्म त्यांच्या मजकुरात लिहिलेले होते! त्यांच्या गोतातील एक जीव जपानी शास्त्रज्ञांनी बारा वर्षांच्या प्रयत्नाने प्रयोगशाळेत वाढविला आणि २०२० साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याची संख्या दुप्पट व्हावयास दोन-तीन आठवडे लागतात. ह्या पुराव्यांवरून आज बहुतेक शास्त्रज्ञ असे मानतात की केंद्रक असलेली पेशी आर्कियांच्याच एका शाखेतून उपजली, आणि तिने एका जीवाणूला आपल्यात सामावून घेतले. आपल्या पेशींना ऊर्जा पुरविणारी मायटोकाँड्रिया त्या जीवाणूचीच वंशज होय. तेव्हा आपल्या पेशीचे माहेर आर्कियांत, सासर जीवाणूंत. केंद्रक नसलेले म्हणून ज्यांना आपण दूर लोटले, ते दोन्ही बाजूंनी आपले पूर्वज निघाले.

आता पुन्हा विरजणाकडे येऊ. दुधातल्या त्या दाण्याला १९०९ साली ज्या घराण्यात बसविले होते, त्यात घसा आणि फुप्फुसे धरणारे रोगजंतूही होते. साखळीत राहतो एवढ्या साम्यावरून ते नाते जुळविलेले होते. आतला मजकूर आणि घडण तपासल्यावर कळले की तो त्या घराण्यातला नाहीच. म्हणून १९८५ साली त्याला वेगळे आडनाव मिळाले. २०२० साली दह्यातील दुसऱ्या कामकऱ्याच्या, ‘लॅक्टोबॅसिलस’च्या, घरातही वाटणी झाली. २६१ जातींचे ते एकत्र कुटुंब २५ प्रजातींत विभागले गेले. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या जंतूंच्या पुडीवर आपणांस एखादे लांबलचक अपरिचित नाव दिसले, तर ते ह्या वाटणीतले असण्याचा संभव आहे.

नावे पुन्हा बदलतील. मजकूर अधिक वाचला जाईल तसतशी ती बदलणे योग्यच आहे. आपल्या आजीला ह्यांतले एकही नाव ठाऊक नव्हते. पण कोणत्या भांड्यातले विरजण कोठून आले, हे मात्र ती अचूक सांगत असे: हे शेजारच्या वहिनींकडचे, हे माहेराहून आणलेले. कोण कोणापासून आले, हेच तर शास्त्रज्ञही विचारीत होते. आज रात्री विरजण लावताना घरातल्या मुलांना ही हकीकत अवश्य सांगा.